गिदोनाची लोकर

(भायखळ्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

आपल्या मंडळ्यांमध्ये एक वाक्य फार कानावर येतं: "मी प्रभूपुढे लोकर टाकलीय." मुलीला स्थळ सांगून आलंय, विरारला जागा बघून ठेवलीय, नोकरी सोडावी की धरून ठेवावी कळत नाही, की टाकली लोकर. गुरुवारच्या आत त्यांचा फोन आला तर प्रभूची इच्छा आहे, नाही आला तर नाही. ही रीत जुन्या करारातल्या शास्ते पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातून आली, म्हणजे तिला पवित्र शास्त्राचा आधार आहे, असं आपण धरून चालतो. म्हणून आधी तो अध्यायच उघडू या. आणि सहाव्याला थांबायचं नाही, आठव्यापर्यंत जायचं. तिथवर सहसा कोणी जात नाही.

इस्राएलाला छळणाऱ्या मिद्यानी लोकांच्या भीतीने गिदोन नावाचा इस्राएली माणूस द्राक्षकुंडात लपून गहू झोडतोय. देवदूत येतो, तुला पाठवलंय म्हणतो. गिदोन चिन्ह मागतो. खडकातून अग्नी निघतो आणि समोर ठेवलेलं मांस आणि भाकरी भस्म होतात. हे पहिलं चिन्ह. त्यानंतर लोकर: रात्री ती खळ्यात ठेवतो आणि दव फक्त तिच्यावर पडावं, जमीन कोरडी राहावी, असं चिन्ह मागतो. छत्तिसाव्या वचनात गिदोन देवाला काय म्हणतो ते नीट वाचा. तू सांगितल्याप्रमाणे माझ्या हातून इस्राएलाची सुटका करणार असशील तर, असं म्हणतो. सांगितल्याप्रमाणे! म्हणजे देवाने सांगितलंय, गिदोनाने ऐकलंय, आणि ऐकलंय हे तो स्वतःच्या तोंडाने कबूलही करतोय. त्याला देवाची इच्छा ठाऊक नव्हती असं अजिबात नाही. ठाऊक असूनही लोकर. सकाळी लोकर ओली आणि जमीन कोरडी. एवढ्याने भागलं का? दुसऱ्या रात्री उलटं: लोकर कोरडी आणि जमीन ओली. लोकर खळ्यात पडून, आसपासच्या जमिनीपेक्षा ती दव जास्त धरणारच, हे बहुधा त्याच्याही ध्यानात आलं असावं. पुढे सातव्या अध्यायात, लढाईच्या आदल्या रात्री, देव त्याला न मागता आणखी एक खूण देतो. शत्रूच्या छावणीत एक जण दुसऱ्याला आपलं स्वप्न सांगत असतो, जवाच्या भाकरीचं, आणि गिदोन ते लपून ऐकतो. मग ३०० माणसं घेऊन तो लढाई जिंकतो.

या सगळ्यात देव त्याच्यावर कुठेही रागावलेला नाही, हेही सांगायला हवं. भित्र्या माणसाला त्याने सांभाळून घेतलं. पण सांभाळून घेणं वेगळं आणि रीत घालून देणं वेगळं.

आता आठवा अध्याय. लोक म्हणतात, आमच्यावर राज्य कर. गिदोन नकार देतो, परमेश्वरच तुमच्यावर राज्य करील म्हणतो. झकास उत्तर. आणि लगेच पुढच्या वचनात प्रत्येकाकडे लुटीतलं एकेक कुंडल मागतो. १,७०० शेकेल (त्या काळचं वजन) सोनं जमतं. त्याचं तो एफोद करतो आणि आपल्या गावी, अफ्रात, ठेवतो. एफोद हे याजकाचं वस्त्र. देवाला विचारायचं असलं की ते पुढे आणत. दाविदाने दोन वेळा अब्याथार याजकाला एफोद आणायला सांगितलाय आणि मग देवाला प्रश्न विचारलाय. म्हणजे गिदोनाने काय केलं? विचारायचं साधन घरीच करून ठेवलं. शास्त्र म्हणतं, सगळे इस्राएल लोक त्या एफोदाच्या नादी लागून बहकले आणि गिदोनाला आणि त्याच्या घराण्याला तो पाश झाला.

आपल्यातल्या कित्येकांची मुळं कोकणात आहेत. ग्रामदेवतेला कौल लावणं म्हणजे काय हे त्यांना समजवायला नको. फूल उजवीकडून पडलं तर हो, डावीकडून पडलं तर नाही. मी त्या लोकांची टिंगल करत नाहीये, त्यांच्या परीने ते प्रामाणिकच आहेत. माझा प्रश्न आपल्याला आहे. मुखात येशूचं नाव आणि हातात कौल, असं आपलं झालंय की काय?

ही खोड एकट्या आपल्या मंडळीची नाही, हे सबंध शहरच खुणा शोधणारं आहे. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं अशी हूल उठली आणि हजारो माणसं रात्री किनाऱ्यावर धावली. बाटल्या भरल्या, पोरांना पाजलं. मिठी नदीचं घाण पाणी जिथे मिळतं, तिथलं पाणी! पालिका पिऊ नका म्हणून ओरडत राहिली. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्याजवळ इर्ल्याच्या एका चर्चच्या आवारात, क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोकांनी ते तीर्थासारखं घेतलं. एका बुद्धिवादी कार्यकर्त्याने जाऊन पाहिलं आणि सांगितलं की जवळचं गटार तुंबलंय, ओल भिंतीतून वर चढतेय. त्याच्यावर पोलिसांत तक्रारी झाल्या आणि शेवटी तो देश सोडून फिनलंडला गेला. आपण प्रोटेस्टंट, आपल्याकडे मूर्ती नाहीत, म्हणून लगेच हसू नका. आपल्या दारात असं झालं असतं तर आपलीच किती माणसं बाटल्या घेऊन आली असती, हे मला पक्कं माहीत आहे.

पण पाण्याचं कारण काय, हा माझ्या दृष्टीने दुय्यम प्रश्न आहे. समजा ते पाणी खरोखर आकाशातून आलं असतं. तरी ते काय म्हणालं? क्षमा कर म्हणालं? सुनेला छळू नकोस, कामगाराची मजुरी बुडवू नकोस, असं काही म्हणालं? काहीच नाही. पाणी गप्प. ते काय सांगतंय हे सांगायला दुसरा माणूस उभा राहतो, आणि तिथून त्या माणसाची सत्ता सुरू होते. म्हणून जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय मला फार शहाणा वाटतो. एखाद्या संदेष्ट्याने चिन्ह सांगितलं आणि ते खरं ठरलं, खोटं नव्हे, खरं ठरलं, पण तो दुसऱ्या देवांमागे चला म्हणाला, तर त्याचं ऐकू नका. चिन्ह घडलं एवढ्याने प्रश्न मिटत नाही. आधी दिलेल्या वचनाला ते धरून आहे का, हे पाहायचं.

प्रभू येशूने श्रीमंत माणूस आणि लाजर यांचा दाखला सांगितला, त्यात अब्राहाम हेच म्हणतो: मोशे आणि संदेष्टे यांचं जे ऐकत नाहीत ते मेलेला उठून आला तरी मानणार नाहीत. आणि दाखल्यातलं नव्हे, खरंच लाजर नावाचं माणूस बेथानीत कबरेतून बाहेर आलं, तेव्हा मुख्य याजकांनी काय ठरवलं? येशूबरोबर लाजरालाही मारून टाकू. योहान, बारावा अध्याय. पुरावा गैरसोयीचा झाला की माणूस पुरावाच नाहीसा करायला निघतो.

आता आपल्या घरातली गोष्ट. एकतीस डिसेंबरची रात्र, वॉच नाइटची उपासना. बारा वाजतात, गळाभेटी होतात आणि मग ताट फिरतं. ताटात छोटी कार्डं, पालथी घातलेली. मागे फुलांचं किंवा सूर्यास्ताचं चित्र, पुढे एक वचन. ज्याला जे आलं ते त्याचं वर्षभराचं वचन. बायका ते पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवतात, पुरुष मोबाइलच्या कव्हरमध्ये. आवडीचं नाही आलं तर हळूच परत ठेवून दुसरं घेणारेही मी पाहिलेत. लहान मुलं तर उघड अदलाबदल करतात, ती निदान प्रामाणिक म्हणायची. यात पाप आहे असं मी म्हणत नाही. पण चिन्हं शोधायचा चस्का इतका खोल गेलाय की आपण शास्त्राचंसुद्धा चिन्ह करून टाकलं, हे मात्र म्हणतो. डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट ठेवायचं, हाही तोच प्रकार.

त्या ताटातलं सगळ्यांचं लाडकं कार्ड म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. घराघरांत फ्रेम लावलेली दिसते. आता हे वचन कुठून आलं ते बघा. ते एका पत्रातलं आहे. यरुशलेमेतून बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेलं पत्र. त्या लोकांमध्ये एकच चर्चा: परत कधी जायचं? त्याआधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा उठलाय. दोन वर्षांत सगळे परत येतील, असं तो मंदिरात सर्वांसमक्ष सांगतो. नुसतं सांगत नाही, यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडून टाकतो. आज असता तर काय टाळ्या पडल्या असत्या! डोळ्यांना दिसणारी खूण, गोड निरोप आणि जवळची तारीख. आणि यिर्मया काय लिहितो? घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलांची लग्नं करा. ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षं लागतील.

सत्तर वर्षं, म्हणजे पत्र ऐकायला बसलेल्या मोठ्या माणसांपैकी जवळजवळ सगळे बाबेलातच मरणार. अकरावं वचन त्यांना दिलेलं आहे. आणि त्याच्या तीनच वचनं आधी, आठव्यात, काय लिहिलंय? तुमच्यातले संदेष्टे आणि ज्योतिषी तुम्हाला फसवू नयेत, स्वप्नांकडे लक्ष देऊ नका. कार्डावर छापलेलं वचन ज्या पत्रातलं, ते पत्रच असल्या कार्डबाजीच्या विरोधात लिहिलेलं! सगळं पत्र वाचलं तर ते आपल्याला कितीतरी जास्त देतं. नगर जिल्ह्यातून, जालन्याकडून आपले आजे-पणजे या शहरात पोटासाठी आले, चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत राहिले. त्यांना 'या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा' हे वचन फ्रेममधल्या वचनापेक्षा जवळचं वाटलं असतं. पण ते कार्डावर येत नाही. खपणार नाही ना.

कोणी म्हणेल, हे सगळं कोरड्या माणसाचं बोलणं, तुम्हाला आत्म्याचा अनुभव नाही. तर मग ज्यांना होता त्यांचंच उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाई. १८८९ साली याच मुंबईत, चौपाटीला, त्यांनी शारदा सदन काढलं. पुढे केडगावचं मुक्ती मिशन, निराधार बायका-मुलींचा आश्रम. १९०५ साली केडगावला जे संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झालं त्याची हकिकत जगभर गेली. मुली रात्र रात्र प्रार्थना करत होत्या, रडत होत्या. एका मुलीवर अग्नी उतरलेला दिसला आणि दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, अशीही हकिकत त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलीय. म्हणजे महाराष्ट्रात चिन्हांवर मोठं काही उभं करायचा अधिकार कोणाला असेल तर तो रमाबाईंना. जाहिरात केली असती तर केडगावला यात्रा भरली असती.

बाईंनी आयुष्याची अखेरची वर्षं कशात घालवली? हिब्रू आणि ग्रीक शिकण्यात, आणि मूळ भाषांमधून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणण्यात. ज्या बाईला लहानपणी भागवताचे हजारो श्लोक पाठ होते, कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, तिने संस्कृतप्रचुर मराठी बाजूला ठेवली, कारण आश्रमातल्या खेड्यापाड्याच्या बायकांना ती कळत नव्हती. साधी भाषा निवडली. आश्रमातल्याच बायका खिळे जुळवायच्या, छापायच्या. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, त्या दुःखातही काम थांबलं नाही. भाषांतर हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या. अग्नी पाहिलेली बाई शेवटी प्रुफं तपासत बसली होती. संजीवनाच्या रात्री संपतात हे तिला कळत होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलींना काहीतरी वाचायला लागणार होतं.

शेवटचा मुद्दा आजाराचा, कारण चिन्हाची मागणी सगळ्यात जास्त तिथे होते, आणि ते साहजिक आहे. परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेरच्या फुटपाथवर एकदा जाऊन या. गावाकडून आलेली कुटुंबं तिथेच झोपतात, फायली प्लॅस्टिकच्या पिशवीत उशाशी. त्यांच्यात आपली माणसंही असतात, आणि त्यांच्या हातात कोणीतरी दिलेली तेलाची बाटली किंवा प्रार्थना केलेला रुमाल असतो. प्रार्थना करा, तेल लावा, याकोबाने आपल्या पत्रात सांगितलंय. मी चमत्कार नाकारायला उभा नाही. मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूवर माझा विश्वास आहे, मी कसा नाकारीन? पण गोळ्या बंद कर, नाहीतर विश्वास कमी पडेल, असं जो सांगतो त्याला दारात उभं करू नका. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसे उकळणं हा गुन्हा आहे, आणि तो कायदा आपल्या सभांनाही लागू आहे. बऱ्या न झालेल्या बाईला 'ताई, तुमचा विश्वासच कमी' असं सांगणाऱ्याला मात्र कुठलं कलम लागत नाही. माझ्या मते तो जास्त मोठा अपराधी.

रुमालाचा आधार प्रेषितांची कृत्ये, अध्याय एकोणीस. इफिस नगरात प्रेषित पौलाच्या अंगावरचे रुमाल आणि फडकी रोग्यांकडे नेत आणि ते बरे होत. खरी गोष्ट आहे. त्याच इफिसातला एक माणूस होता, त्रफिम. पौलाचा सोबती, यरुशलेमेपर्यंत त्याच्याबरोबर गेलेला. आता तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र काढा, शेवटचा अध्याय, विसावं वचन. पौल लिहितो, त्रफिमाला मी मिलेतात आजारी असा ठेवून आलो. मिलेत इफिसापासून फार लांब नाही. रुमाल नव्हता का? पौलाचा विश्वास आटला होता का? त्याबद्दल पौल एक अक्षर लिहीत नाही. सबब नाही, खुलासा नाही, त्रफिमाला दोषही नाही. पौल तेव्हा तुरुंगात आहे, देहदंड समोर दिसतोय. त्याच अध्यायात, तेराव्या वचनात, तो तीमथ्याला काय काय आणायला सांगतो ते वाचा: त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण, पुस्तकं आण, आणि विशेषतः चर्मपत्रं.