तीनशे पन्नासवर अडकलेला मे महिना

बसा बसा, मागं खुर्च्या आहेत अजून, कूलरपुढच्या आधी भरल्या ते दिसलंच मला. तर आजचा विषय एवढासा आहे, ग्राफचा उभा अॅक्सिस, म्हणजे बाजूच्या आकड्यांच्या उभ्या रेघेचं मिनिमम (खालचा आकडा), मॅक्सिमम (वरचा आकडा) आन् डिव्हिजन (मधात किती भाग पाडायचे ते), तीन आकडे फक्त. पण ह्या तीन आकड्यांपायी मी एकदा भर मीटिंगमध्ये तोंडावर पडलो, तेच सांगतो आधी.

बुटीबोरीकडच्या एका कारखान्याचा विजेचा मंथली रिपोर्ट मी बनवून देत होतो, क्रिस्टल रिपोर्ट्स नावाच्या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. हिवाळ्यातले आकडे ३१२ ते ३३४ हजार युनिटच्या मधात. म्हटलं मॅक्सिमम ३५० टाकून देऊ, छान दिसते. मग मे आला, आता नागपूरचा मे तुम्हाला काय सांगू, कूलर-एसी सगळं चोवीस तास सुरू, युनिट गेले ३८० च्या वर, आन् माझा बार मात्र ३५० वर जाऊन गुमान थांबला, वरचा भाग कापूनच टाकला सॉफ्टवेअरनं. मॅनेजर विचारते, काय हो, मे मध्ये बरोब्बर तीनशे पन्नास कसे काय? मी काय बोलणार!

तेव्हापासून दर महिन्याला आपोआप निघणाऱ्या रिपोर्टमध्ये मी मॅक्सिमम हातानं पक्का करत नाही. पॉवर बीआय, एसएसआरएस ही मायक्रोसॉफ्टची रिपोर्ट बनवायची सॉफ्टवेअरं, ह्यांच्यात तिथं एक्स्प्रेशन, म्हणजे सूत्र, टाकता येते, डेटातला सगळ्यात मोठा आकडा घ्या, वरच्या पन्नासात राउंड करा, झालं.

मग काही लोकं म्हणतात, सगळं ऑटोवरच सोडून द्या ना. पाहा मग. एक्सेलमध्ये सगळ्यात मोठ्या अन् सगळ्यात लहान आकड्यातला फरक मोठ्याच्या सहाव्या हिश्शापेक्षा कमी असला, तर अॅक्सिस शून्यापासून सुरूच होत नाही. आपल्या ३१२ अन् ३३४ ला तो खालचा आकडा ३०० धरते. म्हणजे एका बारची उंची १२, दुसऱ्याची ३४, पाहणाऱ्याला वाटते खर्च तिप्पट झाला, आन् वाढ आहे सात टक्के! बार असला की शून्य पाहिजेच, कारण लोकं उंचीच पाहून राहिले असतात. लाइनचं तसं नाही. मे महिन्यातलं रोजचं टेम्परेचर शून्यापासून काढलं तर एक आडवी रेघ दिसते, ४० ते ४८ घ्या, मग कळते कोणत्या दिवशी किती चढलं ते. तसंही सेल्सिअसचं शून्य आपल्या काय कामाचं? आपल्या नागपूरच्या झिरो माईलच्या खांबावरची १०२०.१७१ फूट उंचीसुद्धा खांबाच्या बुडापासून नाही, समुद्रसपाटीपासून मोजलेली आहे.

आता डिव्हिजन, इथं सगळ्यात जास्त घोळ होते. क्रिस्टलमध्ये चार्ट एक्स्पर्टच्या अॅक्सेस टॅबवर नंबर ऑफ डिव्हिजन मॅन्युअल करता येते, कोणी तरी ० ते ३४० टाकते आन् डिव्हिजन ६. भागाकार येते ५६.६७, डेसिमल बंद केलेले, म्हणून बाजूला लिहून येते ५७, ११३, १७०, २२७, २८३, ३४०. एकदा ५७ नं उडी, एकदा ५६ नं! रेघा बरोबर जागी आहेत, आकडेच थापा मारून राहिले. हा ग्राफ कोण वाचणार? उलटं करा, आधी पायरी, म्हणजे दोन रेघांमधला फरक, ठरवा, १, २, ५ किंवा त्यांना दहानं, शंभरानं गुणून येईल तो आकडा, आन् मॅक्सिमम तिच्या पटीत घ्या. पायरी ५० तर ३५० ला सात, ४०० ला आठ. मायनर ग्रिडलाइन, म्हणजे मुख्य रेघांच्या मधातल्या बारीक रेघा, शक्यतो बंदच ठेवा, उगीच जाळं होते.

काय म्हणता भाऊ? लाखात कसं दाखवायचं? एक्सेलमध्ये अॅक्सिसच्या डिस्प्ले युनिट्समध्ये लाख असं लिहिलेलं सापडत नाही, म्हणून लोकं मिलियन करून बसतात, पण त्याच यादीत १००००० आहे, तो घ्या आन् अॅक्सिसला जे लेबल येईल ते खोडून त्या जागी 'लाख' टाइप करा.