जीप बुक करण्याआधी पाऊस बघा! युटा-कोलोरॅडोतले सोपे कच्चे रस्ते

नमस्कार मंडळी!

युटातल्या कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कमधल्या शेफर ट्रेल या कच्च्या रस्त्याच्या वळणांची छोटी क्लिप टाकल्यापासून खाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय: "ताई, हे आम्हाला जमेल का?" कुणाकडे सात सीटची फॅमिली एसयूव्ही आहे, कुणाचे आई-बाबा जुलैत भारतातून येतायत, कुणी आजवर डांबर सोडून गाडीच चालवलेली नाही. म्हणून आज निवांत बोलू.

उत्तर आधीच देऊन टाकते: जमेल. इकडचे कितीतरी कच्चे रस्ते थरार म्हणून कुणी बांधलेलेच नाहीत. कुठे खाणीतून माल काढायचा होता, कुठे गुरं न्यायची होती, कुठे चक्क आगगाडी धावत होती. मालाने भरलेला ट्रक चढला पाहिजे म्हटल्यावर बांधणाऱ्याने चढ बेतानेच ठेवला. आज आपण त्याच रस्त्यांवरून कॅमेरे घेऊन फिरतो. फक्त एक अट आहे, आणि आजचा बराचसा व्हिडिओ त्या अटीवरच आहे.

आधी नेहमीचं पटकन उरकते. टाकी फुल करून निघा. माणशी दिवसाला एक गॅलन पाणी. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, कारण रेंज नसते. पूर्ण मापाचं स्टेपनी चाक, आणि जॅक खरंच गाडीत आहे का ते बघा. उतारावर गियर खालचा, ब्रेकवर पाय रोवून बसायचं नाही. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हे तुम्हाला माहीत आहेच, पुढे जाऊ.

गाडीबद्दल दोनच गोष्टी. ऑल-व्हील ड्राइव्ह आणि लो रेंजवाली (म्हणजे अगदी सावकाश पण जास्त जोराने चढायला-उतरायला वेगळा खालचा गियर असलेली) फोर-व्हील ड्राइव्ह या वेगळ्या गाड्या आहेत. कॅन्यनलँड्समधला व्हाइट रिमचा शंभर मैलांचा रस्ता करायचा असेल तर लो रेंज लागतेच, आणि पार्कचं परमिटही लागतं. दुसरी गोष्ट भाड्याच्या गाडीची. विमानतळावरून घेतलेल्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुतेक वेळा मनाई असते. करार वाचा. युटातलं मोआब किंवा कोलोरॅडोतलं युरे यांसारख्या गावांत ट्रेलसाठीच जीप भाड्याने मिळतात, एक दिवसापुरती तिथून घ्या. आत गाडी अडकली तर टोइंगचं बिल हजार डॉलरच्या पुढे सहज जातं.

(पडद्यावर: व्हॅली ऑफ द गॉड्सचा नकाशा)

पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी व्हॅली ऑफ द गॉड्स सांगते. आग्नेय युटात, मेक्सिकन हॅट गावाजवळ. 17 मैलांचा कच्चा रस्ता, एक टोक यूएस 163 वर, दुसरं युटा 261 वर. लाल वालुकाश्माचे सुळके आणि उभे कडे, मध्ये मोकळी सपाटी, गर्दी मॉन्युमेंट व्हॅलीपेक्षा खूपच कमी. कोरडा असेल तर साधी कारही सावकाश जाते. संध्याकाळी जा. सूर्य खाली आला की कड्यांमधला एकेक थर वेगळा दिसायला लागतो, दुपारच्या उन्हात ते सगळं सपाट दिसतं.

तिथून वर जायला मोकी डगवे. 1950 च्या दशकात युरेनियमचं खनिज खाली आणायला कड्यात कोरलेला हा घाट. साधारण तीन मैल खडीचा रस्ता, चढ 11 टक्के, आणि उंचीत सुमारे हजार-अकराशे फुटांचा फरक. खालून बघितलं तर रस्ता दिसतच नाही, आणि दरवेळी गाडीतलं कुणीतरी विचारतंच, "इथून वर? कुठून?" पण रुंदी व्यवस्थित आहे.

आता शेफर ट्रेल. आयलंड इन द स्कायच्या पठारावरून जवळपास दीड हजार फूट खाली. आधी गुरांची वाट, मग युरेनियमच्या दिवसांत ट्रकचा रस्ता. पार्क उंच क्लिअरन्सची (म्हणजे पोट जमिनीपासून उंच असलेली) फोर-व्हील गाडी सुचवतं, आणि माझंही तेच मत आहे. रस्ता अवघड म्हणून नव्हे, खाली मधूनमधून दगड वर आलेले असतात म्हणून. वळणावर घाई नको. ज्याला दरीची भीती वाटते त्याला ड्रायव्हरच्या शेजारी बसवू नका, मागे आतल्या बाजूला बसवा. माझ्या सासूबाई तशाच बसल्या आणि खाली पोहोचल्यावर म्हणाल्या, "आता पुढची सीट मला."

आता मुद्दा. मंडळी, हे सगळे रस्ते "सोपे" आहेत ते कोरडे असताना. गाडी कोणती हा तुमचा पहिला प्रश्न असतो. माझा पहिला प्रश्न असतो, पाऊस कधी पडला आणि कुठे पडला?

कॉटनवूड कॅन्यन रोड घ्या. दक्षिण युटातल्या ग्रँड स्टेअरकेस या संरक्षित प्रदेशातला 46 मैलांचा रस्ता, कॅननव्हिल आणि यूएस 89 यांना जोडणारा. वाटेत ग्रोव्हनर आर्चची जोडकमान, तिरपे उभे राहिलेले खडकांचे पट्टे. कोरडा असला तर मध्यम क्लिअरन्सची गाडी आरामात जाते. पण बऱ्याच भागात खाली चिकणमाती आहे, आणि या प्रदेशातल्या अशा मातीत ठिकठिकाणी बेंटोनाइट नावाची चिकणमाती असते. बेंटोनाइट पाणी शोषून फुगतं. वाळलेलं असताना त्याचा पृष्ठभाग लाह्या पसरल्यासारखा दिसतो, पायाखाली कुरकुरतो. ओलं झालं की निसरडंही होतं आणि चिकटही.

दक्षिण टोकाला आम्ही एकदा आभाळ बघून थांबलो होतो, तेव्हा आतून एक तरुण जोडपं गाडी घेऊन कसंबसं परत आलं. गाडी चांगली उंच, फोर-व्हील. टायरची नक्षी दिसतच नव्हती, चारही चाकं गुळगुळीत, राखाडी. टायर आणि वरची कमान यांच्यामध्ये माती इतकी ठासून भरली होती की चाक फिरताना घासल्याचा आवाज येत होता. तो मुलगा तंबूचा खुंटा घेऊन ती माती काढत होता. वडी सुटावी तशी नाही, ओढली की ताणली जायची. थोडी साफ केली, गाडी जरा पुढे घेतली, पुन्हा भरली. डांबरापर्यंतचा शेवटचा तुकडा त्यांनी असाच पार केला.

म्हणून जेव्हा कुणी लिहितं, "ताई, आमची फोर बाय फोर आहे, चिखलाचं काय एवढं?" तेव्हा मला मनापासून काळजी वाटते. फोर-व्हील ड्राइव्ह चारही चाकांना जोर देते, पकड देत नाही. पकड टायरच्या नक्षीतून येते, आणि नक्षीच मातीने भरली तर चार चाकं मिळून घसरतात. ब्रेकलाही तेच लागू.

दुसऱ्या बाजूने बघा. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी हा प्रश्न सुटत नाही. या प्रदेशात उघडा खडक जास्त, माती पातळ, झाडं विरळ. पडलेलं पाणी मुरत नाही, सरळ घळीत उतरतं. 12 ऑगस्ट 1997 ला ॲरिझोनातल्या लोअर अँटेलोप कॅन्यनमध्ये 11 पर्यटक पुरात गेले. वादळ तिथे नव्हतं, कित्येक मैल वरच्या अंगाला झालं होतं. मोआबजवळचा अनियन क्रीकचा रस्ता इतका देखणा आहे की मीच सगळ्यांना सांगत असते, पण तो ओढा पुन्हा पुन्हा ओलांडतो. एरवी पाणी घोट्याएवढं. वरच्या बाजूला गडगडाट असेल त्या दिवशी मी तिथे जात नाही, वर निळं आभाळ असलं तरी. कोरड्या नाल्याच्या पात्रात, ज्याला इकडे वॉश म्हणतात, गाडी लावून जेवायला बसू नका. सावली छान असते, मान्य. उंचावर लावा आणि चालत खाली या. आणि समोर गढूळ पाणी वाहताना दिसलं तर थांबा. बऱ्याचदा काही तासांत उतरतं. खाली रस्ता उरलाय की वाहून गेलाय, हे वरून कळत नाही.

तिसरी बाजू: पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी रस्ता तोच राहिलाय असं धरून चालू नका. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कात 5 ऑगस्ट 2022 ला फर्नेस क्रीकला एका दिवसात 1.46 इंच पाऊस झाला आणि जवळपास हजार माणसं पार्कमध्ये अडकली. पुढच्याच वर्षी 20 ऑगस्ट 2023 ला 2.20 इंच, म्हणजे जवळजवळ वर्षाचा पाऊस एका दिवसात. पार्क ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद होतं. तिथल्याच टायटस कॅन्यनचा 27 मैलांचा एकदिशा रस्ता सोप्या रस्त्यांच्या प्रत्येक यादीत असायचा. पुराने तो बिघडला आणि मग दीर्घकाळ बंदच होता. नकाशाच्या ॲपवर रेघ असते, जुन्या व्हिडिओत साधी गाडी जाताना दिसते, आणि माणूस त्या भरवशावर निघतो. कृपा करून माझाही जुना व्हिडिओ बघून निघू नका! निघायच्या दिवशी सकाळी पार्कच्या संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती बघा, आणि जमलं तर व्हिजिटर सेंटरमध्ये जाऊन रेंजरला विचारा. "रस्ता चालू आहे का?" एवढंच नाही, "शेवटचा पाऊस कधी झाला, आणि काल तिथून कुठल्या गाड्या आल्या?" असं विचारा. ते आनंदाने सांगतात.

आणि ओल्या रस्त्यावरून हट्टाने गेलात तर चाकांच्या खोल चाकोऱ्या पडतात. त्या तशाच वाळतात, कडक होतात. मग पुढे ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) फिरेपर्यंत साध्या गाडीने येणाऱ्या प्रत्येकाच्या गाडीचं पोट त्या मधल्या उंचवट्याला घासतं.

याच्याच शेजारची माझी दुसरी तळमळ: रस्ता सोडू नका. फोटोसाठी नाही, गाडी वळवायला नाही, समोरच्याला वाट द्यायलाही नाही. कडेला काळपट, खडबडीत माती दिसते ना, ती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, दगडफूल यांनी मिळून धरलेला थर. तोच वाळू उडू देत नाही आणि पाणी धरून ठेवतो. एकदा चाक गेलं की सावरायला दशकं लागतात. एकांनी लिहिलं होतं, "वाळवंटात काय खराब होणार?" दादा, पुढच्या वेळी खाली वाकून जवळून बघा. इंच-दीड इंचाचे छोटे सुळके दिसतील. एकदा दिसले की तुमचं चाक तिकडे वळणार नाही.

आता जुलैत आई-बाबांना घेऊन येणाऱ्यांसाठी. वाळवंट सोडा, डोंगरात जा. कोलोरॅडोतला बोरिअस पास 11,481 फुटांवर आहे, पण रस्ता जुन्या रेल्वेच्या मार्गावरून जातो, त्यामुळे चढ अगदी हळू. ब्रेकनरिजहून कोमोपर्यंत, कोरडा असताना साधी कार पुरते. थोडं धाडस हवं असेल तर अल्पाइन लूप: लेक सिटी, सिल्व्हरटन, युरे यांना जोडणारा 65 मैलांचा रस्ता, त्यात 12,640 फुटांची सिनॅमन खिंड आणि 12,800 फुटांची इंजिनिअर खिंड. इथे मात्र लो रेंजवाली जीपच. वाटेत ॲनिमस फोर्क्स नावाचं ओसाड खाणगाव आहे, लाकडी घरं अजून उभी आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सिनॅमनच्या बाजूने जाऊन तिथूनच परत फिरावं, युरेकडचा तुकडा जास्त खडकाळ आहे.

पण उंचीचा विचार करा. बाबांना हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि विमानातून उतरून दुसऱ्याच दिवशी बारा हजार फुटांवर नेऊ नका. आणि इथेही पाऊसच. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजा कडाडतात, झाडांच्या रेषेच्या वर आडोसा नसतो. पहाटे निघा, दुपारपर्यंत खिंड उतरून खाली या.

टायरच्या हवेबद्दल खूप जण विचारतात, म्हणून थोडक्यात. युटातल्या एस्कलांटेजवळच्या होल-इन-द-रॉक रोडसारख्या रस्त्यांवर आडव्या बारीक लाटा पडलेल्या असतात, सगळी गाडी खडखडते. तिथे हवा पंचवीस पीएसआयच्या आसपास आणली की हाडं वाचतात. पण सोबत कंप्रेसर हवाच. डांबरावर आलं की वेग घेण्याआधी हवा पुन्हा भरायची.

शेवटी, ज्यांच्या सुट्ट्या ठरल्यात आणि नेमका पाऊस आला त्यांच्यासाठी. जीप परत करा आणि डांबरावरच राहा. मोआबहून युटा 128, कोलोरॅडो नदीच्या काठाकाठाने. एस्कलांटेकडे असाल तर युटा 12, बोल्डर गावाच्या अलीकडे हा रस्ता एका अरुंद धारेवरून जातो, दोन्ही बाजूंना उतार. कोलोरॅडोत सिल्व्हरटन ते युरे यूएस 550. पाऊस मोठा असेल तर तिथेही दरडी येतात, तेवढं राज्याच्या संकेतस्थळावर बघून निघा. कॉटनवूड पुन्हा कधी मोकळा होईल ते कॅननव्हिलच्या व्हिजिटर सेंटरला फोन करून कळतं. फोन नंबर खाली वर्णनात दिलाय.