सदतीस नंबरचा जोक

पुढे या, पुढे या, मागच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी चालतील पण पुढची रांग भरून टाका. हे मी उगाच म्हणत नाहीये, आजचा निम्मा मुद्दा यातच आहे, शेवटी येईलच तो. विषय तुम्हाला माहितीये. मित्रमंडळी घरामागच्या अंगणात जमतात, खुर्च्या ओढतात, आणि कुणीतरी म्हणतं "ए, एक जोक सांगतो." आता काही संध्याकाळी हसून हसून पोट दुखायला लागतं, आणि काही संध्याकाळी तीच माणसं असतात, तेच अंगण, तेच जोक, तरी सगळं गार. असं का होतं हे मला कितीतरी वर्षं छळतंय. माझं उत्तर असं की जोक पडतो तेव्हा दोष जोकचा फार क्वचित असतो, दोष असतो ऐकणाऱ्यांचा आणि खुर्च्यांचा. हे आज तुम्हाला पटवायचंय.

पण आधी तो जोक. आमच्या ग्रुपमधला एक मित्र हा जोक गेली पंधराएक वर्षं सांगतोय. तुमच्यातल्या निम्म्यांनी ऐकला असेल, तरी ऐका. एक नवीन कैदी तुरुंगात येतो. रात्री दिवे जातात, सगळं शांत, आणि पलीकडच्या कोठडीतून कुणीतरी ओरडतं, "सदतीस!" अख्खा तुरुंग खो खो हसतो. थोड्या वेळाने दुसरा कुणीतरी, "एकशे चार!" परत तेच. नवीन माणूस शेजारच्या म्हाताऱ्याला विचारतो, हे काय चाललंय? म्हातारा म्हणतो, अरे आम्ही सगळे इतकी वर्षं इथे आहोत की सगळ्यांना सगळे जोक पाठ झालेत, मग आम्ही नंबरच देऊन टाकलेत. नव्याला वाटतं आपणही करून बघावं. तो ओरडतो, "बावन्न!" आणि कुणीच हसत नाही. एकजण पण नाही. तो म्हाताऱ्याला विचारतो, काय झालं, बावन्न चांगला नाहीये का? म्हातारा म्हणतो, "बावन्न चांगलाच आहे रे, पण प्रत्येकाला सांगता येतोच असं नाही."

हसलात! पण नीट बघा कोण कसं हसलं. ज्यांना माहिती नव्हता ते शेवटी हसले. ज्यांना माहिती होता ते "बावन्न"लाच हसायला लागले होते, मी इथून बघत होते ना.

तर आमचा मित्र हा जोक सांगताना काय करतो, तर बोटांच्या पेरांनी खुर्चीच्या हातावर तीनदा टकटक करतो, ती तुरुंगाची भिंत. मग आवाज खाली आणतो. "सदतीस" तो ओरडत नाही, कुजबुजतो, आणि नेमकी त्यामुळे कोठडी दिसते. आणि "बावन्न" झालं की थांबतो. पाण्याचा ग्लास उचलतो, एक घोट घेतो, ग्लास खाली ठेवतो, ठेवताना आवाज होऊ देत नाही. आम्हाला सगळ्यांना तो घोट पाठ आहे. आणि त्या घोटाच्या वेळी आम्ही त्याच्याकडे बघतच नसतो! आम्ही बघतो त्या दिवशी जो नवीन आलेला असेल त्याच्याकडे. कुणाचा तरी नवरा, कुणाची ऑफिसातली मैत्रीण, कुणीतरी एकजण असतोच. त्याच्या चेहऱ्यावर आधी थोडा गोंधळ येतो, मग ओठाचा एक कोपरा हलतो, आणि मग एकदम फुटतो. आम्ही त्या कोपऱ्यासाठी बसलेलो असतो. पंधरा वर्षांत जोक एकच, पण चेहरे बघा किती झाले.

आणि मग एका संध्याकाळी असं झालं. अंगण मोठं होतं, माणसंही जास्त, बारा-चौदा तरी. प्लास्टिकच्या खुर्च्यांचा हा एवढा मोठा गोल, मधे इतकी जागा की एखादी गाडी वळवता येईल. एकच बल्ब, तोही भिंतीपाशी, त्यामुळे समोरच्यांचे चेहरे अंधारात. मित्राने नेहमीसारखं विचारलं, "कैद्यांचा ऐकलाय का कुणी?" आम्ही जुने लोक गप्प, नवीनही गप्प. त्याने टकटक केली, जोक सुरू झाला, सदतीस झालं, एकशे चार झालं, बावन्न आलं, त्याने ग्लास उचलला. आणि गोलाच्या त्या टोकाला बसलेले एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "हां हां, सांगता येत नाही म्हणून हसत नाहीत, तो ना? जुना आहे हा."

दोनतीन जण "हो हो" म्हणाले. मित्राने ग्लास खाली ठेवला, या वेळी आवाज झाला. म्हणाला, "हो, तोच." आणि बसला. पुढे गप्पा दुसरीकडे गेल्या, कुणाच्या लक्षातही नसेल. पण त्यानंतर दोन वर्षं त्याने आमच्यात एकही जोक सांगितला नाही. विचारलं की म्हणायचा, "जाऊ दे गं, सगळ्यांना माहितीये." मला लोक म्हणतात की एवढं काय त्यात, छोटी गोष्ट आहे. मला ती छोटी वाटत नाही. एका माणसाने पंधरा वर्षं घासूनपुसून ठेवलेली वस्तू हातात घेऊन दाखवली आणि तुम्ही ती खाली पाडलीत, आणि वर म्हणालात की अशी आमच्याकडे पण होती.

आणि हे फक्त माझं दुखणं नाहीये, यावर नीट अभ्यास झालेला आहे. हार्वी सॅक्स नावाचे समाजशास्त्रज्ञ होते, लोक रोजच्या बोलण्यात काय काय करतात याचा त्यांनी शब्द न् शब्द लिहून अभ्यास केला. १९७४ मध्ये त्यांचा एक लेख आला, सगळा एका जोकवर, तो गप्पांमध्ये कसा सांगितला गेला त्यावर. ते म्हणतात जोक सांगण्याचे तीन भाग असतात, आधी प्रस्ताव, मग सांगणं, मग प्रतिसाद. "ऐकलाय का?" हा प्रस्ताव. तिथे ऐकणाऱ्याला पूर्ण हक्क आहे, हो ऐकलाय म्हणायचा, नको म्हणायचा, विषय बदलायचा. पण तिथे गप्प राहिलात की तुम्ही जागा दिलीत. मग शेवटपर्यंत ती जागा सांगणाऱ्याची. तुम्ही हसा, कण्हा, "काय फालतू" म्हणा, सगळं चालेल, पण तुमची पाळी शेवटानंतर येते. त्या गृहस्थांनी प्रस्तावाला होकार दिला आणि मधेच जागा काढून घेतली. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती पक्की आहे.

बरं, "जुना आहे" हा काय आरोप झाला? जोक जुना असणं हा दोष असता तर जगात जोकच उरले नसते. ग्रीक भाषेत 'फिलोगेलोस' नावाचा एक जोकसंग्रह आहे, साधारण चौथ्या-पाचव्या शतकातला, २६५ च्या आसपास जोक आहेत त्यात, आजवर टिकलेला जगातला सगळ्यात जुना जोकसंग्रह तो. त्यात एक बडबड्या न्हावी गिऱ्हाइकाला विचारतो, "केस कसे कापू?" गिऱ्हाईक म्हणतं, "गप्प बसून." बघा, तुम्ही आत्ता हसलात! आणि मजा म्हणजे त्या संग्रहाच्याही काही शतकं आधी प्लुटार्क या ग्रीक लेखकाने हेच उत्तर मॅसेडोनियाचा राजा आर्केलाउस याच्या तोंडी घातलंय. म्हणजे संग्रह झाला तेव्हाच हा जोक म्हातारा होता. दरवेळी कुणीतरी मधेच "जुना आहे" म्हणून ओरडला असता तर आज तो आपल्यापर्यंत पोचलाच नसता.

उलट जुना जोक हा ग्रुपचा असतो. आमच्यात आता कुणी वैतागलं, कुणाचा दिवस वाईट गेला, की दुसरा फक्त "सदतीस" असं टाइप करतो. माझी आई आजारी होती तेव्हा रात्री दोनला मला तेवढाच मेसेज आला होता, एक शब्द, आणि मी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये एकटी हसले. तोही जोक आणि ज्या जोकमधून तो आला तोही जोक, आम्ही खरंच त्या कैद्यांसारखे झालोय.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. अरे बापरे, अजून खुर्च्यांवर यायचंय. पटापट घेते.

एक म्हणजे आपण समजतो की माणसं जोकमुळे हसतात. रॉबर्ट प्रोव्हाइन हे अमेरिकन शास्त्रज्ञ, त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मॉलमध्ये, फुटपाथवर लोकांचं बोलणं ऐकून हसण्याचे १२०० प्रसंग नोंदवले. त्यात हसण्याआधीचं वाक्य जोकसारखं म्हणता येईल असं फक्त १० ते २० टक्के वेळा होतं. बाकी सगळं "चल, निघते" आणि "तुला भेटून बरं वाटलं" असलं काहीतरी. आणि बोलणारा ऐकणाऱ्यापेक्षा ४६ टक्के जास्त हसत होता. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या ३० पट सोबतीत हसतो असंही त्यांना दिसलं. म्हणजे हसायची तयारी जोकच्या आधीच झालेली असते, जोक नुसतं दार उघडतो.

मग ती तयारी कुठे होते, तर लहान गोलात. रॉबिन डनबार आणि गिओम देझेकाश या संशोधकांनी २०१२ मध्ये बारमध्ये बसलेल्या लोकांना बघून मोजलं की एका वेळी एकत्र किती जण हसतात. टेबलाला माणसं कितीही असोत, खरं एकत्र हसणारी तीन-चारच. गप्पांचंही तसंच, चारच्या वर माणसं गेली की गप्पा फुटतात, दोन घोळके होतात. स्टेजवरून सांगणारा शंभर जणांना हसवतो ते वेगळं, तिथे सगळे गप्प बसायचं आधीच ठरलेलं असतं, अंगणात तसं काही ठरलेलं नसतं. आमच्या त्या संध्याकाळी चौदा जणांचा एक गोल होता. तो गोलच नव्हता, तो तुटलेला होता, आणि त्या टोकाच्या गृहस्थांना मित्राचा चेहरा तरी दिसत होता का? घोट दिसला नसेल, फक्त थांबलेला दिसला असेल, त्यांना वाटलं हा विसरला, आपण मदत करू. हे मला फार उशिरा सुचलं, आणि सुचल्यावर माझा राग बराचसा त्यांच्यावरून उतरून खुर्च्यांवर गेला.

कारण उघड्यावर आवाज कसा जातो बघा. खोलीत भिंती आवाज परत पाठवतात, चौघं हसले तरी खोली भरते. अंगणात परत पाठवायला काही नाही, वर आकाश. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो, एक मीटरवरून चार मीटरवर गेलात की १२ डेसिबल गेले. कुजबुजलेलं "सदतीस" तिथपर्यंत पोचतच नाही. आणि हसणं हे हसणं ऐकून वाढतं. शेजारच्याचं ऐकू आलं नाही की तुमचंही घशातच राहतं. भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार दिलेत, स्मित हे पहिलं, फक्त गाल जरासे फुलतात, दात दिसत नाहीत, आणि शेवटचं अतिहसित, डोळ्यांत पाणी, दोन्ही हात बरगड्यांवर. लांब लांब मांडलेल्या खुर्च्यांवर स्मिताच्या पुढे गाडी जात नाही. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसा, उजेड चेहऱ्यांवर पाडा, माणसं जास्त असतील तर दोन-तीन गोल करा आणि जोक एका गोलातून दुसऱ्यात जाऊ दे, परत सांगावा लागला तर लागू दे.

आणि हे अतिहसित म्हणजे नुसती करमणूक नाहीये बरं का. डनबारच्याच गटाने २०११ मध्ये एक प्रयोग छापला. लोकांना विनोदी व्हिडिओ दाखवायचे, आधी आणि नंतर ते दुखणं किती सहन करतात ते मोजायचं, कुणाच्या हातावर फ्रीजरमधून काढलेलं गार वेष्टण, कुणाच्या हातावर ब्लडप्रेशरचा पट्टा आवळत न्यायचा. जे खरंच हसले त्यांची सहनशक्ती वाढली. नुसता छान मूड असून वाढली नाही, हसावं लागलं. शरीरात एंडॉर्फिन, म्हणजे दुखणं कमी करणारं रसायन, सुटतं म्हणून असं होतं, असं ते म्हणतात. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये रात्री दोनला मला काय झालं होतं ते मला तेव्हा कळलं.

दोन मिनिटं म्हणतायत. ठीक आहे, मित्राचं सांगून थांबते.

मागच्या महिन्यात आमच्याकडे मागच्या अंगणात जमलो होतो. मी मुद्दाम पाचच खुर्च्या बाहेर काढल्या, बाकीच्या आत कुलपात, जो येईल त्याने पायरीवर बसायचं. दिवा काढून मधल्या स्टुलावर ठेवला. एका मैत्रिणीची बारा वर्षांची मुलगी आली होती, कंटाळलेली, मोबाइल हातात. मी तिला म्हटलं, काकाला विचार, कैद्यांचा कुठला जोक आहे? तिने विचारलं. तो म्हणाला, "अगं, सगळ्यांना माहितीये तो." ती म्हणाली, "मला कुठे माहितीये?"

तो जरा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग खुर्ची पुढे ओढली, आणि खुर्चीच्या हातावर तीनदा टकटक केली. आम्ही चौघं लगेच तिच्याकडे वळलो.