शाळेला कशानं येतोस?

मंडळी, मी 30 वर्षं माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. दर जूनला आठवीचा नवा वर्ग आला की पहिल्या तासाला पोरांना कोऱ्या कागदावर आपलं घर, शाळा आणि मधला रस्ता काढायला लावायचो. मग एकेकाला उभं करून विचारायचो, शाळेला कशानं येतोस? उत्तरं धडाधड यायची. चालत, सायकलनं, एसटीनं, वडापच्या खासगी जीपनं, पप्पांच्या गाडीवर. पुढचा प्रश्न विचारला की मात्र वर्ग गप्प. तो प्रश्न होता, ‘त्यानंच का?’

आजचा विषय ‘विद्यार्थी शाळेला जाण्याचं साधन कसं निवडतात’ असा छापलाय. त्यातल्या ‘निवडतात’ या शब्दाशी माझं जरा भांडण आहे. पोरं निवडत नाहीत. आईच्या कामाची वेळ, आगारातलं वेळापत्रक, रस्त्यावरचा ओढा आणि शेजारची मैत्रीण ही सगळी मिळून ते ठरवतात. आणि कशानं जायचं हे एकदा ठरलं की कुठल्या शाळेत आणि कितवीपर्यंत, हेही बहुतेक ठरून जातं.

अंतरापासून सुरू करू, कारण सरकारही तिथूनच सुरू करतं. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून 1 किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत. आठवीनंतर हा कायदा हात वर करतो. आणि नेमकी तिथेच बऱ्याच गावांतली शाळा संपते. हायस्कूल मोठ्या गावात किंवा फाट्यावर. म्हणजे अंतर वाढतं त्याच वर्षी हक्क संपतो, आणि पोरगी वयात येते तीही त्याच सुमाराला.

शिवाय किलोमीटर मोजतो कोण आणि कशावर? पोरांनी काढलेल्या नकाशांत मला दर वर्षी एक गोष्ट दिसायची. पावसाळ्याचा रस्ता आणि उन्हाळ्याचा रस्ता वेगळा असतो. ओढ्याला पाणी आलं की दीड किलोमीटरची शाळा चार किलोमीटरवर जाते. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातलं खिरखंडी आठवा. कोयनेच्या जलाशयाकाठचं गाव. तिथल्या मुली स्वतः होडी वल्हवत पलीकडे जायच्या, मग जंगलातून चालत शाळा गाठायच्या. बातम्या वाचून मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी 2022 मध्ये स्वतःहून दखल घेतली. होडीच का, असं त्या मुलींना कुणी विचारलं असतं तर त्या काय सांगणार होत्या?

आता एसटी. विद्यार्थ्यांना पासात 66.67 टक्के सवलत आहे. गावाकडच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत पास फुकट. मग फुकट पास दप्तरात ठेवून पोरगी दहा रुपये मोजून वडापला का लोंबकळते? कारण शाळा पाचला सुटते, बस पावणेपाचला जाते आणि पुढची साडेसातला. अडीच तास स्टँडवर काढायचे, अंधारात उतरायचं, फाट्यापासून वस्तीपर्यंत एकटीनं चालायचं. घरचे हिशेब पैशाचा करत नाहीत, त्या अंधाराचा करतात. म्हणून सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बसचं मला अप्रूप वाटतं. 125 मागास तालुक्यांत मुलींसाठी ती सुरू झाली. बस काही वेगळी नाही. पण ती शाळेच्या वेळेवर धावते, इतर गाड्या आगाराच्या. साधी गोष्ट आहे, पण सुचायला किती वर्षं लागली बघा.

2021-22 च्या एसटी संपात हे सगळं उघडं पडलं. कर्मचाऱ्यांची बाजू होती, ती मी इथं काढत नाही. पण शाळा नुकत्याच उघडत होत्या आणि गाड्या उभ्या. मोटारसायकल असलेल्यांची पोरं आली, कुणी ट्रिपल सीट आली. बाकीच्यांची हजेरी कोरी.

सायकलीला वेळापत्रक नसतं, हीच तिची खरी ताकद. बिहारमध्ये 2006 साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी ताडून त्याचा हिशेब मांडला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुली 32 टक्क्यांनी वाढल्या, मुलामुलींमधली दरी 40 टक्क्यांनी घटली. आणि सगळ्यात जास्त फरक कुठं पडला? शाळा 3 किलोमीटरपेक्षा लांब होती तिथं.

माझ्या वर्गातलं निरीक्षण त्यात एक भर घालतं. सायकल एकटीची नसते, घोळक्याची असते. आमच्याकडे एका वाडीतून चौघीजणी यायच्या. एकीची पंक्चर झाली की चौघी उतरून चालायच्या आणि चौघी मिळून उशिराची शिक्षा घ्यायच्या. त्यातल्या एकीचं लग्न ठरलं. महिन्याभरात उरलेल्या तिघींचे वडील शाळेत आले, ‘गुरुजी, आता कसं करायचं?’ रस्ता तोच, सायकली त्याच, अंतर तेच. सोबत तेवढी एक कमी झाली होती. हे कुठल्याही सरकारी तक्त्यात बसत नाही.

शहराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथली गोष्ट तुम्ही रोज भोगता. पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणवत होतं. आज शाळेच्या दारात गाड्यांची एवढी गर्दी, की त्या गर्दीतून पोराला चालत पाठवायची कुणाची छाती होत नाही. म्हणून आणखी एक आई स्कूटर काढते आणि गर्दीत भर घालते. दोष तिचा नाही. फूटपाथवर टपरी आहे आणि ती कुणाच्या तरी आशीर्वादाची आहे.

वेळेचं शहरातलं उदाहरण ताजं आहे. पोरांची झोप व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी 2024 मध्ये निघाला. हेतू उत्तम. पण व्हॅनवाले काका एकाच गाडीवर सकाळी मोठ्यांची एक आणि छोट्यांची एक, अशा फेऱ्या मारतात, आणि नऊ म्हणजे बाबांच्या ऑफिसची वेळ. घड्याळाचा काटा सरकला की घरोघरी साधन बदलतं.

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार 2023 पासून चाललाय. त्यात पोरांना बसनं आणू म्हणतात. मी विरोधक नाही, मोठ्या वर्गात पोरं खुलतात हे मी पाहिलंय. फक्त एवढंच विचारतो, की बस बिघडेल त्या दिवशी जुनी शाळा पायवाटेवर असेल का?

तर ती पावणेपाचची बस. आम्ही आगारात दोन वर्षं अर्ज दिले, पंचवीस मिनिटं उशिरा सोडा म्हणून. साहेब बदलले, अर्ज तसेच राहिले. शेवटी मुख्याध्यापकांच्या मागे लागून मी शाळेचीच घंटा पंचवीस मिनिटं अलीकडे आणली. त्या वर्षी वडापची एक गाडी बंद पडली आणि दिवाळीनंतर गळणाऱ्या मुली गळल्या नाहीत. कापली गेलेली पंचवीस मिनिटं पीटीच्या तासाची होती. पीटीचे सर अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.