पाटी कोणाची, चकणा कोणाचा

[दृश्य: शिकागो नदी, सकाळची वेळ. दोन मोटारबोटी. पाण्यावर हळूहळू पसरणारा हिरवा रंग.]

मार्च महिन्यातला शनिवार. बोटीवरची माणसं पीठ चाळावं तशी एक भुकटी नदीत चाळतायत. भुकटी नारिंगी आहे, पण पाण्याला लागली की गर्द हिरवी होते. १९६२ पासून हा उद्योग शहरातल्या प्लंबरांची युनियन करते. त्याचं कारणही प्लंबरी आहे. कोणाच्या नळातून नदीत चोरून घाण सुटते, ते शोधायला हा रंग वापरायचे. पुढं तो आयरिश लोकांच्या सेंट पॅट्रिकच्या सणाचा झाला.

दुपारपर्यंत आसपासच्या पबमध्ये पाय ठेवायला जागा नसते. हिरव्या टोप्या, दारावर तीन पानांचा शॅमरॉक, आत गडद लाकूड, भिंतीवर जुनी सायकल. बघणाऱ्याला वाटतं, आयरिश शिकागो ते हेच.

या गर्दीतून आपण बाहेर पडू आणि नदीच्या दक्षिण फाट्याच्या कडेकडेनं ब्रिजपोर्टला जाऊ.

[दृश्य: ब्रिजपोर्ट. बुटकी विटांची घरं, चर्चचे मनोरे, कोपऱ्यावर बंद शटर.]

१८३६ साली इथून एका कालव्याचं काम सुरू झालं. मिशिगन सरोवराचं पाणी इलिनॉय नदीला जोडायचं, म्हणजे बोटी थेट मिसिसिपीपर्यंत जातील. लांबी ९६ मैल. कुदळी-फावडी घेऊन खणणारे बहुतेक आयरिश. मध्येच राज्याची तिजोरी आटली आणि मजुरीच्या जागी कागद हातात पडू लागले. ज्यांना जमलं त्यांनी त्याच कागदांवर कालव्याकाठची जमीन घेतली. १८४८ मध्ये कालवा सुरू झाला. खणणारे तिथंच राहिले. पुढं शेजारी जनावरांचा प्रचंड बाजार आला, कत्तलखाने आले, आणि दर कोपऱ्यावर गुत्ता आला.

‘गुत्ता’ हा शब्द आपल्याकडं नाक मुरडून वापरतात. इथं मी तो मुद्दाम वापरतोय, कारण त्या काळी शिकागोतले प्रतिष्ठित लोकही नेमकं तसंच नाक मुरडायचे.

१८५५ साली लेव्हाय बून नावाचे गृहस्थ महापौर झाले. बाहेरून आलेल्यांचा तिटकारा असलेल्या पक्षाचे. त्यांनी दारूच्या परवान्याची वार्षिक फी ५० डॉलरवरून ३०० वर नेली आणि रविवारी गुत्ते बंद ठेवायचा जुना कायदा कडक केला. आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्याला रविवार एवढाच मोकळा. जर्मन आणि आयरिश लोक चिडले. २१ एप्रिलला कोर्टासमोर खटल्यांची सुनावणी होती, तेव्हा उत्तरेकडून जर्मन जमाव चालून आला. वाटेत नदी. महापौरांनी क्लार्क स्ट्रीटचा फिरता पूल फिरवायला लावला आणि जमाव अडकवून ठेवला. नंतर गोळ्या चालल्या, माणूस मेला. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत बून यांचा पक्ष हरला आणि फी परत ५० वर आली.

शहरानं या दंगलीला ‘लागर बिअर दंगल’ असं नाव दिलं. बिअर म्हणजे मतं, हा हिशेब शिकागोच्या राजकारण्यांना त्या दिवशी कळला आणि तो ते कधी विसरले नाहीत.

फी मात्र पुन्हा चढली. १८८३ मध्ये ५०० डॉलर, १९०६ मध्ये १,०००. कालवा खणणाऱ्याच्या मुलानं एवढी रक्कम कुठून आणायची? ती भरली बिअर कारखान्यांनी. परवाना आम्ही काढतो, जागा आमची, फळी-आरसे आमचे. तू फक्त गल्ल्यामागं उभा राहा आणि आमचीच बिअर वीक.

[दृश्य: बेलमाँट आणि साउथपोर्टचा कोपरा. कॅमेरा भिंतीवर चढत जातो. विटांमध्ये बसवलेला, पट्टा बांधलेला पृथ्वीगोल.]

हा गोल विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीच्या श्लिट्झ या बिअर कंपनीचा. ही इमारत १९०३ ची. आज आत गाण्याच्या मैफली होतात. दारू विकायच्या जागेला एवढं देखणं बांधकाम का? कारण सुधारक मंडळी गुत्त्यांना घाणेरडं म्हणत होती, त्यांना विटांमधून दिलेलं हे उत्तर होतं. अशा कित्येक इमारती शहरात अजून उभ्या आहेत.

आता गंमत बघा. ब्रिजपोर्टसारख्या वस्तीत गल्ल्यामागचा माणूस आयरिश, गिऱ्हाईक आयरिश, बाहेरची पाटी जर्मन, बिअर विस्कॉन्सिनची. शॅमरॉक औषधालासुद्धा नाही. सगळेच आयरिश असताना तो लावायचा कोणासाठी?

आत काय मिळायचं? पाच सेंटांना बिअर, आणि तिच्याबरोबर फुकट जेवण. ते त्याला ‘फ्री लंच’ म्हणत. आपला शब्द जास्त प्रामाणिक आहे: चकणा. राय पाव, सॉसेज, उकडलेली अंडी, खारवलेली मासळी, लोणच्यातली काकडी. सगळं खारट. खारट खाल्लं की तहान लागते, हे वेगळं सांगायला नको.

गुत्त्यात पगाराचा चेक वटायचा. ज्या शहरात सार्वजनिक शौचालय शोधून सापडत नसे, तिथं गुत्त्यातलं होतं. वरच्या मजल्यावर युनियनची बैठक, कधी लग्नाची पंगत. बाईनं पुढच्या दारानं येऊ नये अशी रीत होती, तिच्यासाठी बाजूचं दार. संध्याकाळी पोरं पत्र्याची झाकणाची बादली घेऊन यायची, बापासाठी बिअर भरून न्यायला.

चकण्याचा सगळ्यात मोठा जाणकार म्हणजे मायकल केना. उंची जेमतेम पाच फूट, म्हणून टोपणनाव ‘हिंकी डिंक’. क्लार्क स्ट्रीटवर याचा गुत्ता. नाव होतं ‘वर्किंगमेन्स एक्स्चेंज’. १८९३ च्या मंदीत, हिवाळ्यात, त्यानं बेकार माणसांना फुकट खाऊ घातलं. १८९७ मध्ये तो पहिल्या वॉर्डाचा नगरसेवक झाला आणि पाव शतकाहून जास्त राहिला. आधी जेवण, मग मत. आपल्याला हे ऐकून नवल वाटू नये.

[दृश्य: काळा पडदा. मग मद्यबंदीच्या काळातली एक बंद खिडकी.]

१९२० मध्ये दारूबंदी आली. गुत्त्यांवर सरबतांच्या पाट्या लागल्या आणि दाराला डोकवायची भोकं पडली. डिसेंबर १९३३ मध्ये बंदी उठली, पण एक अट आली: बिअर कारखान्यानं गुत्त्याचा मालक व्हायचं नाही. इमारत देता येत नाही, तर काय द्यायचं? पाटी. आज शिकागोच्या गल्लीत रात्री जी निळी-लाल ‘ओल्ड स्टाइल’ बिअरची दिव्याची पाटी रस्त्यावर झुकलेली दिसते, ती हीच. पोलिश वस्तीत तिच्यावर ‘झिम्ने पिवो’ लिहिलेलं असतं, म्हणजे थंड बिअर. बारचं नाव अनेकदा त्याच पाटीच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात.

[दृश्य: साउथ हॅल्स्टेड स्ट्रीट. जुनं छायाचित्र: शॅलर्स पंप.]

शॅलर्स पंप हा ब्रिजपोर्टचा गुत्ता. १८८१ ते २०१७. एकशे छत्तीस वर्षं. दारूबंदीतलं डोकवायचं भोक शेवटपर्यंत दारात होतं. ‘पंप’ हे नाव शेजारच्या कारखान्यातून नळीनं थेट आत येणाऱ्या बिअरवरून पडलं, असं सांगतात. समोरच्या बाजूला अकराव्या वॉर्डाच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं कार्यालय. १९३३ पासून १९७९ पर्यंत शिकागोचे सलग चार महापौर या ब्रिजपोर्टचे होते. त्यांतला थोरला डेली एकवीस वर्षं खुर्चीत होता. मध्ये फक्त एक रस्ता. तो ओलांडायला किती वेळ लागतो?

मग इतके बार गेले कुठं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात ७,००० च्या आसपास गुत्ते होते. कत्तलखाने बंद झाले, पाळीवरून सुटणारी माणसं संपली, टीव्ही घरात आला. आणि मतपेटीही. आपल्याकडं बायका आडव्या बाटलीला मत देऊन दुकान बंद पाडतात. शिकागोतही काहीशे मतदारांच्या छोट्या विभागाला मतदानानं आपल्यापुरती दारू बंद करता येते. थोरल्याचा मुलगा, धाकटे डेली, महापौर असताना हे हत्यार बरंच चाललं. बाटलीवर मोठा झालेला पक्ष, त्यानंच बाटली आडवी केली.

नेमक्या त्याच काळात, १९९० च्या दशकात, डाउनटाउनात ‘आयरिश पब’ दिसू लागले. डब्लिनमध्ये एक कंपनी पबचे सुटे भाग बनवते. व्हिक्टोरियन थाट हवा की खेडेगावातली झोपडी, निवडा. लाकूड, काच, जुन्या वस्तू जहाजाच्या कंटेनरमधून येतात. खोटं म्हणू नका त्याला. आत बिअर खरी आहे, बसणाऱ्याला मजाही खरी येते. एवढंच, की आपल्या आजोबांचा गुत्ता असा होता असं तिथं बसलेल्या आयरिश नातवाला वाटतं, आणि आजोबांनी आयुष्यात तसली जागा पाहिलेली नसते.

[दृश्य: परत ब्रिजपोर्ट. संध्याकाळ. एका कोपऱ्यावर दिवा लागतो.]

हे ‘मारियाज’. पुढं दारूचं दुकान, मागं बार. शिकागोत असल्या जागेला ‘स्लॅशी’ म्हणतात. गल्ल्यावर कोणीतरी माल्योर्ट मागतो. स्वीडिश माणसानं या शहरात आणलेली ही दारू किराईताच्या काढ्याइतकी कडू. पाहुण्याला पहिल्यांदा पाजायची आणि त्याचं तोंड बघायचं, हा इथला खेळ.

जिच्या नावानं हा बार चालतो, ती मारिया कोरियन वंशाची. ब्रिजपोर्टमध्ये आता चिनी आणि मेक्सिकन कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत, आयरिश आडनावं पाट्यांपेक्षा दफनभूमीत जास्त सापडतील. शेजारच्या खिडकीतून गरम ताटली येते: पोलिश सॉसेज, आणि त्यावर कोबीची किमची.

चकणा तिखट झालाय. फुकट मात्र राहिलेला नाही.

[दृश्य: ताटली उचलणारा हात. बाहेर दिव्याची पाटी. पडदा काळा.]