हलव त्या टॉवेलाला!

नमस्कार श्रोतेहो. पाऊस उघडला, ऊन पडलं, आणि घरभर दोऱ्या बांधून वाळत घातलेले कपडे एकदाचे गच्चीवर गेले. साडी वाळते, शर्ट वाळतो, त्यांची काही तक्रार नसते. टॉवेल मात्र असा खरखरीत होतो की अंग पुसावं तर कातडी सोलून निघते. तर आज टॉवेलाबद्दल बोलू.

कारणं दोन. पहिलं पाण्यात आहे. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की साबणाला फेस येत नाही. उलट त्याचा पांढरट चिकटा होतो आणि टॉवेलावर दोऱ्यांची जी बारीक वेटोळी असतात, त्यांत अडकून बसतो. सातारा शहरात कासच्या तलावाचं पाणी येतं, म्हणजे डोंगरावर साठलेलं पावसाचंच पाणी. त्यात साबण नुसता टेकवला तरी फेसाळतो. तेच माणला किंवा जतला बोअरच्या पाण्यात मूठभर पावडर टाका, बादली आपली गप्प!

दुसरं कारण गमतीचं आहे. सुती कापड कोरडं झालं असं आपण म्हणतो तेव्हाही तंतूंवर पाण्याचा अगदी पातळ थर उरतो, आणि तो शेजारशेजारच्या तंतूंना डिंकासारखा चिकटवून ठेवतो. जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठ आणि काओ कंपनीच्या संशोधकांनी २०२० साली हे मांडलं. टॉवेल जागचा न हलता वाळला की तंतू चिकटले ते चिकटले. म्हणून टॉवेल वाळताना हलला पाहिजे. पुन्हा सांगते, टॉवेल वाळताना हलला पाहिजे.

आमच्या आजीला जपान ठाऊक नव्हतं, पण हे ठाऊक होतं. त्याचीच गोष्ट सांगते.

२०१८ साली ज्येष्ठ अधिक आला होता. म्हणजे मे महिन्यात धोंड्याचं जेवण! माझ्या मामाचं गाव माण तालुक्यात. मामेबहिणीचं लग्न नुकतंच झालेलं, जावई साताऱ्याचे, कासच्या पाण्यावर वाढलेले. मामीनं त्यांच्यासाठी जाडजूड सोलापुरी टॉवेल आणला. नव्या टॉवेलाचे तंतू अंगाला चिकटतात म्हणून आधी धुऊन टाकला. जावयाचा टॉवेल, म्हणून पावडर दुप्पट. आणि पाण्याची टंचाई, म्हणून खळबळायला एकच पाणी, तेही बोअरचं. मग पिळला आणि सकाळीच पत्र्यावर पसरला. मे महिन्यातला माणचा पत्रा! संध्याकाळी काढायला गेली तर त्याची घडी होईना. शेवटी खुर्चीच्या पाठीवर तसाच टेकवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी जावई अंघोळीला गेले. पाण्याचा आवाज थांबला, पण दार काही उघडेना. मग उघडलं, आणि बघतो तर काय, चेहरा लाल, मान लाल, कानांच्या पाळ्यासुद्धा लाल!

"अगं बया, जावईबापूंना गोवर उठला!" मामी किंचाळली. मामा डॉक्टरला आणायला मोटरसायकलची किल्ली शोधायला लागले. जावई बिचारे मोठे सोशिक. "काही नाही हो आई, टॉवेल जरा नवीन आहे," एवढंच म्हणाले.

आजी ओट्यावर बसून लसूण सोलत होती. ती उठली. जावयाच्या हातातला टॉवेल घेतला. एक कोपरा तेवढा ओला झाला होता, बाकीचा तसाच ताठ. तिनं तो भिंतीशी उभा केला. श्रोतेहो, टॉवेल उभा राहिला! आजी मामीला म्हणाली, "सूनबाई, ह्याला बी पाट मांड. ह्यो बी पाव्हणाच हाय."

मामा हसून खाली बसले. आजीनं मात्र लगेच टँकरचं गोडं पाणी बादलीत घेतलं आणि टॉवेल दोनदा खळबळून साबण पार काढला. आम्हा दोघींच्या हातात दोन-दोन टोकं दिली, "झटका" म्हणाली. खांदे भरून येईस्तोवर झटकलं. मग लिंबाच्या सावलीत, वारं लागेल असा दोरीवर टाकला. अंगणातून जो जाईल त्याला ओट्यावरून हुकूम, "हलव त्या टॉवेलाला!" दूध घालायला आलेल्या पोरालाही सोडलं नाही. थोडा दमट असतानाच उतरवला, तळहातांत चोळला आणि परत झटकला. दुपारी धोंडे खाऊन, चांदीचं निरांजन घेऊन जावई आडवे झाले, ते माश्या बसू नयेत म्हणून तोच टॉवेल तोंडावर ओढून!

जाता जाता टॉवेल-टोपीचंही बोलून घेते. आपल्याकडे कुणाचाही सत्कार असो, टॉवेल-टोपी ठरलेली. तो टॉवेल इतका विरळ की त्यातून पलीकडचे पाहुणे दिसतात. कुणी वापरत नाही, नुसता या घरातून त्या घरात फिरतो. द्यायचाच तर एकच द्या, पण अंग पुसता येईल असा द्या. असो.

तर पावडर कमी घाला. आपल्याला वाटते त्याच्या निम्मीही पुष्कळ होते. शेवटच्या पाण्यात बादलीला अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर टाका, क्षार आणि साबणाचा चिकटा सुटतो. वास टॉवेल वाळला की उडतो. पण ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. हे पुन्हा सांगते, ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र नाही. सुवासिक कंडिशनर रोज वापरू नका. त्यानं टॉवेल मऊ लागतो खरा, पण पाणी टिपत नाही, आणि पाणी न टिपणारा टॉवेल घेऊन करायचं काय? घालताना झटका, काढताना झटका, आणि पत्र्यावर तर पसरूच नका. नव्या सोसायट्यांत गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली चेअरमनच्या खिशात. तिथं बाल्कनीत वाऱ्याच्या बाजूला दोरी बांधा, तेवढी झुळूक पुरते. ऊन कमी मिळालं तर टॉवेल थोडा उशिरा वाळेल, पण पुरता वाळल्याशिवाय घडी करून कपाटात ठेवू नका, कुबट वास धरतो. दमट उतरवलेला टॉवेलही चोळून, झटकून घरात पंख्याखाली टाका आणि मगच घडी घाला. नमस्कार.