डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे?

(परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यातलं भाषण, थोडी काटछाट करून.)

राम राम मंडळी.

अध्यक्षांनी दोन महिन्यांपूर्वी फोन करून मला विषय दिला, 'परदेशात मुलांवर मराठी संस्कार'. मी लगेच हो म्हटलं. मी कशालाही लगेच हो म्हणतो. तसंच म्हणून मागच्या वर्षी खजिनदार झालो, आणि तो हिशेब अजून लागलेला नाही. तर संस्कारांवर बोलायला आज उभा राहिलेला हा माणूस उद्या दुपारी दोन वाजता आपल्या दहा वर्षांच्या लेकीला एका तळ्याकाठच्या ख्रिस्ती शिबिरात सोडणार आहे. आठवडाभरासाठी. सकाळ-संध्याकाळ चॅपल, जेवणाआधी प्रार्थना, झोपण्याआधी बायबल. अध्यक्षांच्या चेहऱ्याकडे आत्ता बघू नका, त्यांनाही हे तुमच्याबरोबरच कळतंय.

कारण अगदी साधं आहे. तिची मैत्रीण जाते. शाळेला अकरा आठवडे सुटी आणि आम्हा नवरा-बायकोची रजा मिळून तीन आठवडे. रोबोटिक्सच्या शिबिराची फी ऐकली तेव्हा मला वाटलं, शेवटी रोबोट घरी देणार असतील. नाही देत. शिवाय पोरीला झाडावर चढायचंय, होडी वल्हवायचीय. खान्देशातल्या पातोंडा गावच्या माणसाच्या मुलीला झाडावर चढायला पैसे भरून पाठवावं लागतं, यावर पुढच्या वर्षी वेगळं भाषण देईन.

शिबिराची यादी आली. स्लीपिंग बॅग, बॅटरी, डासांचं मलम, पुढून बंद असलेले बूट, पोहण्याचा पोशाख. औषधं मूळ बाटलीतच द्यायची, ती नर्सबाई ठेवून घेणार. फोन आणायचा नाही. पहिल्याच दिवशी दारात केसांत उवा आहेत का ते बघणार. हे वाचून माझी माय खूश झाली. ती मे महिन्यात आली आहे सहा महिन्यांसाठी, आणि या देशात तिला पटलेली ही पहिली गोष्ट. खाण्याचं काहीही बरोबर द्यायचं नाही, हे मात्र तिला पटलं नाही. तिनं शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली होती. मी म्हटलं, अगं, इथे शेंगदाणा म्हणजे बॉम्ब समजतात, पोरांना त्याची अॅलर्जी असते. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अख्ख्या खान्देशलाच नाव ठेवलं. "तठे काय खाई ती?" हा प्रश्न आमच्या घरात दिवसातून चारदा होतो.

त्याचंही सांगतो, कारण तुमच्यातले अर्धे शाकाहारी आहेत. शेकोटीवर भाजून खातात तो पांढरा मऊ मार्शमॅलो असतो ना, त्यात जिलेटिन असतं. ते जनावराच्या कातड्या-हाडांपासून काढतात, इथे बहुतेक वेळा डुकराच्या. आम्ही सहा वर्षं आनंदानं खात होतो. फॉर्मवर 'शाकाहारी' लिहिताना बायकोनं शोधून काढलं. म्हणजे आमच्या घरात आमचा धर्म आम्हाला आठवला तो ख्रिस्ती शिबिराच्या फॉर्ममुळे.

यादीत सातव्या नंबरावर बायबल होतं.

तिथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. बुधवारी रात्री जेवताना पोर म्हणाली, "बाबा, प्रार्थनेच्या वेळी तिथे सगळे डोळे मिटतात. मी पण मिटले तर ते खोटं होईल. उघडे ठेवले तर वाईट दिसेल. मग मी काय करू?"

मी म्हटलं, बघू. बायको म्हणाली, डोळे मीट आणि मनात पाढे म्हण. मी म्हटलं, ही फसवणूक झाली. ती म्हणाली, मग तू मंडळाच्या गणपतीत काय करतोस? यानंतर जे भांडण झालं ते इथे सांगण्यासारखं नाही, पण त्यात माझ्या आईचा, तिच्या आईचा आणि २०१९ सालच्या एका पूजेचा उल्लेख आला. पोर शांतपणे वरण-भात संपवून उठली. तिचा प्रश्न तिथेच ताटाशेजारी पडून राहिला, तो अजून तिथेच आहे.

मी शिबिराच्या संचालकांना मेल लिहिला. त्यांचं उत्तर चांगलं आलं, सरळ आलं. बायबल नसेल तर आम्ही वाचायला देऊ, कोणत्याही घरचं मूल चालतं, जबरदस्ती काही नाही, पण चॅपलला सगळ्यांनी बसायचं. आणि शेवटच्या रात्री, शुक्रवारी, शेकोटीपाशी ज्या मुलांना येशूचा स्वीकार करावासा वाटेल त्यांना पुढे या असं म्हणतात. लपवलं नाही त्यांनी, याबद्दल मला आदर वाटला. आणि पोटात गोळाही आला. आमची पोर तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. कुणी 'पुढे या' म्हटलं की ती सगळ्यात आधी पळते. संगीत खुर्ची असो, संक्रांतीचं वाण असो, नाट्यछटा असो. मागच्या दिवाळीला तर ज्येष्ठ नागरिकांच्या सत्काराला पुढे आली होती.

ही बातमी फुटली तसे मला फोन यायला लागले. मंडळातल्या एका काकांनी सांगितलं, पोर परत येईल, पण आपली राहून येईल का बघ. काका, तुम्ही इथे बसला आहात, तेव्हा प्रेमानं बोलतो. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावात कॉन्व्हेंटच्या फॉर्मसाठी पहाटे चारपासून रांग लावणारे कोण होते? आपलेच आईबाप. तेव्हा सिस्टरांची शिस्त चांगली असायची. आणि परका धर्म म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी येशूला अभंगाच्या चालीत बसवला. ती भजनं मराठी चर्चांमधून आजही म्हणतात. येशूला मराठी येते, काका. आपल्या मुलांनाच येत नाही. आत्ता तुमचा नातू पार्किंगमध्ये तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलत होता, ते मी ऐकलंय. माझीही त्याच भाषेत बोलत होती, म्हणून पुढे काही म्हणत नाही.

पण ही झाली फोनवर द्यायची उत्तरं. रात्री झोप लागत नव्हती ती वेगळ्याच गोष्टीनं.

मी पाचवीत धुळ्याला वसतिगृहात गेलो. बाबांनी लोखंडी पेटी घेतली, तिच्यावर नाव रंगवायला पेंटरकडे दिली. पेंटरनं माझं नाव एवढं मोठं काढलं की गावाला जागाच उरली नाही. समोर 'पातों' आणि कोपऱ्यावरून वळून बाजूला 'डा'. सहा वर्षं मुलं मला पातों म्हणायची. परवा मी पोरीच्या प्रत्येक कपड्यावर मार्करनं नाव लिहीत बसलो होतो, मोज्यांवरसुद्धा, तेव्हा तो 'डा' आठवला. अक्षर लहान काढत होतो.

आमचे रेक्टर रोज साने गुरुजींचं उदाहरण द्यायचे. गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये आले, तिथलं वसतिगृह सांभाळायचे, मुलांची अंथरुणं आवरायचे, कंदिलाच्या काचा पुसायचे. आमचे रेक्टर हे सगळं सांगायचे आणि अंथरुणं आमच्याकडून आवरून घ्यायचे. संध्याकाळी प्रार्थना. गुरुवारी दत्ताची आरती, सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं.

त्या ओळीत एक मुलगा नवापूरकडचा होता. गावित, घरचे ख्रिस्ती. आम्ही त्याला पाद्री म्हणायचो. वाईट हेतूनं नाही, मला जसं पातों म्हणायचे तसं, अशी मी माझी समजूत घालतो. आरतीला झांज कायम त्याच्या हातात, कारण त्याचा ताल पक्का होता. लहानपणापासून चर्चमध्ये गाऊन तयार झालेला. आमच्यात कुणाचाच ताल धड नव्हता. रेक्टर म्हणायचे, बघा, याला किती भक्ती आहे. तो काही बोलायचा नाही. प्रसादाचा शिरा घेऊन खोलीवर यायचा, कधी खायचा, कधी मला द्यायचा. मला वाटायचं त्याला गोड आवडत नाही.

सहा वर्षं तो माझ्या शेजारी उभा होता. आरती चालू असताना तो डोळे मिटायचा की उघडे ठेवायचा? बुधवारपासून तीन रात्री मी आठवतोय. नाही आठवत. माझे मिटलेले असायचे.

त्याला कधी कुणी विचारलं नाही. त्याच्या बापानं रेक्टरांना पत्र लिहिलं होतं का? लिहायला येत होतं का? त्यांच्या घरी ताटाशेजारी असा प्रश्न पडून राहिला होता का?

असो. माय मात्र या प्रश्नानं अजिबात हलली नाही. ती पोरीला घेऊन स्वयंपाकघरात बसली आणि तिला कानबाई, म्हणजे आमच्या खान्देशी देवीचा सण, सांगायला लागली. नागपंचमीनंतरचा रविवार, चौरंग, नारळाला नथ, लुगडं, रात्रभर गाणी, फुगड्या आणि सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन नदीला. तुमच्यातल्या खान्देशी लोकांना हे सांगायला नको, आणि बाकीच्यांनी आज खान्देशी भरीत खाल्लंय तेव्हा ऐकून घ्या. (भरीत जांभळ्या वांग्याचं होतं, ओव्हनमधलं. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, भाजलेलं हिरवं वांगं ज्यानं खाल्लंय त्यानं आज तोंड बंद ठेवलं, हे मी पाहिलं. आभारी आहे.)

माय म्हणाली, "रातभर डोळा लागाले नको. कानबाई बसेल शे आन आपण झोपी जावानं?"

पोर थोडा वेळ विचार करून म्हणाली, "म्हणजे त्यांच्या देवाला डोळे मिटलेले आवडतात आणि आपल्या देवीला उघडे. मग मी एक मिटेन आणि एक उघडा ठेवेन."

तिला एकच डोळा मिटता येत नाही. मिटायला गेली की दोन्ही मिटतात आणि तोंडही वाकडं होतं. गुरुवारपासून बाथरूमच्या आरशासमोर सराव चाललाय, दात घासायला वीस मिनिटं लागतात. मी मायला म्हटलं, काय करून ठेवलंस हे? ती म्हणाली, "देवले समजस. तुमले समजत नई."

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट झाली. रोटांचं, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या गव्हाच्या जाड पोळ्यांचं, कसं करतात ते दाखवायला मायनं परात घेतली आणि गहू मोजायला लागली. आमच्या घरात पुरुषांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ घेतात. तिनं वारलेल्या बाबांच्या आठवणीनं सुस्कारा सोडला, मग माझं नाव घेतलं, पुण्याच्या भावाचं घेतलं, त्याच्या दोन मुलांचं घेतलं. पोरीनं विचारलं, "आजी, माझी मूठ कुठली?"

मायचा हात परातीत थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फ्रिज उघडून आत काहीतरी शोधायला लागलो. शिबिराच्या मेलमध्ये लिहिलं होतं की प्रत्येक मुलाच्या खाटेवर नावाची पट्टी आधीच लावून ठेवलेली असेल. ते मला नेमकं त्याच क्षणी का आठवावं?

आपण मुलांना काय देऊन पाठवतो, यावर बोलायला मला इथे उभं केलंय. मी आपल्या मंडळाचा हिशेब मांडतो, यावेळचा तरी लागतोय का पाहू. संक्रांत फेब्रुवारीत, कारण हॉल तेव्हा मिळतो. आरती फोनवर बघून, तीही रोमन लिपीत. आरती चालू असताना मागच्या रांगेत घरांच्या व्याजदरांची चर्चा, आणि त्यात सर्वात मोठा आवाज माझा. मुलं स्टेजवर शिवाजी महाराज होतात, खाली उतरून पिझ्झा खातात. यात चूक काय ते मला सांगता येत नाही. पण पोरीनं 'खोटं होईल' हा शब्द त्यांच्या प्रार्थनेबद्दल वापरला, आपल्या आरतीबद्दल तिनं तो कधीच वापरला नाही. आपल्या आरतीत डोळे मिटावेत की नाही, हा प्रश्न तिला कधी पडलाच नाही. तिला ती आपली वाटते म्हणून, की तिथे काही घडतंय असं वाटतच नाही म्हणून? मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटते.

बॅग भरून दारात उभी आहे. शिबिराची एक पद्धत आहे, आईवडिलांनी पाच पत्रं आधीच लिहून द्यायची, वार घालून, म्हणजे मुलाला रोज एक मिळतं. मी मराठीत लिहितोय, मोठ्या अक्षरात, तिला जोडाक्षरं अडतात. सोमवारच्या पत्रात पातोंड्याची पेटी आहे. मंगळवारी मायनं सांगितलेली एक गोष्ट. बुधवारी मार्शमॅलोचा विनोद, आणि खावासा वाटला तर खा असंही लिहिलंय, बायकोला माहीत नाही, आता झालं. गुरुवारच्यात त्या नवापूरकडच्या मुलाबद्दल लिहिलंय, त्याच्या झांजेबद्दल.

शुक्रवारचं पाकीट हे बघा, माझ्या खिशात आहे. वर वार लिहिलाय. आत कोरा कागद आहे. आज रात्री काही सुचलं नाही तर तसाच जाईल. त्या रात्री शेकोटी आहे, आणि आम्हा दोघांना काही झोप लागायची नाही, हे मी मायला सांगितलं.

माय म्हणाली, "मंग औंदा कानबाई लवकर बसनी!"